‘मार्था ग्रॅहमच्या मुलींनी कधी पैसे मागितले का?’

ताई, मी मूळची सांगलीची, वय २४. भरतनाट्यममध्ये विशारद झाले आणि नोकरीसाठी पुण्यात आले. दहा ते सहा ऑफिस. दोन वर्षांपासून एका समकालीन नृत्यसंस्थेत आहे. आम्ही अकरा जण आहोत. आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी सात ते दहा तालीम, रविवारी दिवसभर. मानधन नाही. बाहेरगावी प्रयोग असला की गाडीभाडंसुद्धा बहुतेक वेळा आमचंच. मागच्या महिन्यात एकीनं तिकीटविक्रीचं विचारलं, तर सर म्हणाले, “मार्था ग्रॅहमच्या मुलींनी कधी पैसे मागितले का? दिवसभर नोकरी करून रात्री फुकट नाचायच्या, म्हणून मॉडर्न डान्स उभा राहिला.” सगळे गप्प. मला एका महोत्सवात स्वतः बसवलेला पंधरा मिनिटांचा तुकडा करायची संधी आली आहे, पण संस्थेत असेपर्यंत बाहेर काही करायचं नाही, असं सर म्हणतात. चार महिन्यांपासून उजवा गुडघा दुखतोय, जिना उतरताना जास्त. आई म्हणते, पुरे झालं, सोड आता. पण सर शिकवतात फार चांगलं, हेही खरं आहे. त्या मुली खरंच अशा जगल्या का? आणि मी काय करू?

प्रिय सांगलीकर,

गुडघ्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं दोन आठवडे थांबलं तर चालेल, तो थांबणार नाही. चार महिने एकाच जागी दुखतंय आणि जिना उतरताना वाढतंय, म्हणजे हे अंगदुखीतलं दुखणं नाही. या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि त्यांनी सांगितलं तर फिजिओथेरपिस्टकडे जा. ‘प्रयोग झाला की बघू’ म्हणू नकोस. तालीम कसल्या जमिनीवर होते ते तू लिहिलं नाहीस. फरशीवर किंवा सिमेंटवर उड्या मारत असाल, तर तेही डॉक्टरांना सांग आणि सरांनाही.

आता मार्था ग्रॅहमच्या मुलींबद्दल. मार्था ग्रॅहम म्हणजे अमेरिकेत मॉडर्न डान्स घडवणाऱ्या मोठ्या नर्तकी, आणि त्यांच्या ‘मुली’ म्हणजे त्यांच्या समूहात नाचणाऱ्या मुली. तुझे सर खोटं बोललेले नाहीत. पण त्यांनी गोष्ट जिथे थांबवली त्याच्या पुढे ती बरीच लांब आहे, आणि त्या मागच्या-पुढच्या भागातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

१८ एप्रिल १९२६, रविवारची रात्र. न्यूयॉर्कमधल्या ४८व्या रस्त्यावरच्या थिएटरात मार्थाबाईंनी स्वतःचा पहिला कार्यक्रम केला. बरोबर तीन मुली होत्या, रॉचेस्टरच्या शाळेत त्या शिकवायच्या तिथल्या विद्यार्थिनी. पैसे नव्हते. पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी हजार डॉलर उसने दिले, त्यावर हा कार्यक्रम उभा राहिला. रविवार का, तर त्या रात्री ब्रॉडवेवर नाटकं नसायची आणि थिएटर रिकामं मिळायचं. पुढे कित्येक वर्षं या नव्या नाचाचं घर म्हणजे हीच रविवारची रात्र.

१९२९ मध्ये त्यांचा मोठा समूह उभा राहिला. सगळ्या मुलीच. पुरुष त्यात आला तो थेट १९३८ मध्ये. त्याच १९२९च्या ऑक्टोबरात तिकडचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी सुरू झाली. म्हणजे ज्या वर्षी या मुलींनी नाचायचं ठरवलं, त्याच वर्षी शहरातल्या नोकऱ्या जायला लागल्या. कुणी हॉटेलात वेट्रेस, कुणी दुकानात, कुणी मुलांना शिकवणारी. संध्याकाळी स्टुडिओ, रात्री उशिरापर्यंत तालीम. तालमीचे पैसे नाहीत, प्रयोगाचे मिळाले तर अगदी थोडे. इथपर्यंत सरांचं म्हणणं शब्दशः बरोबर.

आणि कष्ट कसले, तेही तू समजून घ्यावंस, कारण त्या मुलींना मी मनापासून मानते. वर्ग जमिनीवर बसून सुरू व्हायचा. भरतनाट्यममध्ये आपण अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं, बसतो, तट्टडवूनं, म्हणजे पाय आपटून, जमीन वाजवतो, तेव्हा पाठ ताठ आणि धड स्थिर असतं. इथे उलट. श्वास सोडताना पोट आत खेचलं जातं, पाठीचा कणा धनुष्यासारखा मागे वाकतो, आणि श्वास घेताना पुन्हा उलगडतो. आकुंचन आणि मोकळं होणं, एवढ्याच दोन गोष्टींतून सगळा नाच काढायचा. तू हे शिकली असशील तर तुला माहीत आहे की दहाव्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात. त्यानंतर उभं राहायचं आणि पडायला शिकायचं. मोजून, ठरलेल्या मात्रांत, हात न टेकता मागे पडायचं. अनवाणी. तळव्यांच्या कातडीला भेगा पडायच्या, त्यावर चिकटपट्टी लावून पुन्हा उभं राहायचं.

१९२९चाच ‘हेरेटिक’ नावाचा त्यांचा नाच घे. काळ्या लांब झग्यांतल्या बायका खांद्याला खांदा लावून भिंत करतात. समोर पांढऱ्या कपड्यात एकटी मार्था. एक जुनं ब्रेटन गाणं, त्याची तीच ओळ पुन्हा पुन्हा. एकटी पुढे येते, विनवते, भिंत फुटल्यासारखी वाटते आणि धाडकन पुन्हा बंद होते. त्या भिंतीत उभं राहणाऱ्या मुलीला टाळ्या मिळत नाहीत, तिचं नावही कुणाला कळत नाही. पण तिची टाच अर्धी मात्रा उशिरा पडली तर भिंत भिंत राहत नाही, नुसता घोळका होतो. १९३१च्या ‘प्रिमिटिव्ह मिस्टरीज’मध्ये तर प्रत्येक भागाची सुरुवात आणि शेवट चालण्यानं होतो, आणि ते चालणं संगीताशिवाय. गडद निळ्या कपड्यांतल्या मुली शांततेत, एका श्वासात पावलं टाकत आत येतात आणि तशाच बाहेर जातात. नुसतं ते चालणं जमवायला त्या अमाप राबल्या. वारीत दिंडीतल्या पखवाजाबरोबर हजार पावलं एकसारखी पडतात, ते आपण पाहिलेलं आहे. आता पखवाज काढून टाक आणि तेच पाऊल नुसत्या श्वासावर पाडायचं, अशी कल्पना कर.

हे सगळं कुणी पगारासाठी केलं नाही. मग त्यांना काय मिळालं? इथे सरांची गोष्ट थांबते आणि माझी सुरू होते.

मार्थाबाईंबरोबर लुई हॉर्स्ट नावाचे संगीतकार होते. पियानो वाजवणं, संगीत रचणं, बाईंना धाक दाखवणं, सगळं तेच करायचे. ते नाच बसवायला शिकवायचे. जुने युरोपीय दरबारी नाच, त्यांचे आकृतिबंध, त्या चौकटीत प्रत्येकीनं स्वतःची रचना करून आणायची आणि हॉर्स्ट ती सर्वांसमोर सोलून काढायचे. म्हणजे समूहात भिंतीची वीट होऊन उभी राहणारी मुलगी इथे स्वतःचा नाच रचायला शिकत होती, आणि तोही त्याच माणसांकडून.

ॲना सोकोलो त्यांच्यातलीच. गरीब स्थलांतरित ज्यू घर, आई कपड्यांच्या कारखान्यात कामाला. मुलीनं नाचावं हे आईला पटेना, तर पोरीनं लहान वयातच घर सोडलं. (तुझी आई ‘सोड’ म्हणते ती काळजीनं, हे तुलाही कळतं आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिते.) १९३०च्या सुमारास ॲना मार्थाबाईंच्या समूहात आली, हॉर्स्टच्या वर्गात त्यांची मदतनीस झाली, आणि समूहात नाचत असतानाच तिनं स्वतःचे नाच बसवले, स्वतःचा गट काढला, कामगारांच्या सभांतून प्रयोग केले. सोफी मॅस्लो, जेन डडली यांनीही तेच केलं. समूहात असेपर्यंत बाहेर काही करायचं नाही, ही अट त्या मुलींवर असती, तर अमेरिकेतल्या पुढच्या पिढीच्या निम्म्या नृत्यरचना झाल्याच नसत्या. मार्थाबाईंचं नाव घेऊन तुला पैसे नाकारायचे आणि मार्थाबाईंच्या मुलींना होतं ते स्वातंत्र्यही नाकारायचं, या दोन्ही गोष्टी एकदम चालणार नाहीत. हे मी अगदी ठामपणे सांगते.

आणि हो, समूहातल्या अनेक मुली ज्यू होत्या, म्हणून १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकचं नाचण्याचं निमंत्रण मार्थाबाईंनी नाकारलं. ज्या सरकारनं आपल्या मुलींना माणूस मानलं नसतं, त्याच्या मांडवात त्या गेल्या नाहीत. पैसा देता आला नाही तरी आपल्याबरोबर कोण उभं आहे याची जाण त्यांना होती.

आता मागे जाऊ या, मार्थाबाई स्वतः समूहातली मुलगी होत्या तेव्हाकडे. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन या नवरा-बायकोनं १९१५ मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेनिशॉन’ नावाची शाळा काढली आणि तिची मंडळी गावोगाव फिरायला लागली. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांसारखंच म्हण. ट्रंका, रेल्वे, आज या गावी तर उद्या त्या. मार्थाबाई याच मंडळीत होत्या. तिथे आठवड्याचा पगार होता. १९२५च्या ऑगस्टमध्ये ही मंडळी आशियाच्या दौऱ्यावर निघाली ती पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात परतली. जपान, चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान, जावा. आपल्या मुंबईतही त्यांचे प्रयोग झाले. सर्वांत लहान नर्तकी, जेन शर्मन, सतरा वर्षांची होती. तिची त्या दौऱ्यातली रोजनिशी आणि घरी लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपात आली. पंधरा महिने घरापासून दूर, अनोळखी अन्न, उकाडा, आणि रोज रात्री ‘पौर्वात्य’ नाच पूर्वेच्याच लोकांसमोर करायचा, हे सतराव्या वर्षी सोपं नव्हे.

मार्थाबाई या दौऱ्यात नव्हत्या, त्यांनी ही मंडळी आधीच, १९२३ मध्ये सोडली होती. पगार, नाव, गुरू, सगळं मागे ठेवून. पुढे १९२८ मध्ये डॉरिस हम्फ्री आणि चार्ल्स वाइडमन यांनीही सोडली. डॉरिस रूथबाईंची लाडकी, दहा वर्षांची जुनी. पण शाळेच्या इमारतीचं कर्ज फेडायला ‘झिगफेल्ड फॉलीज’सारख्या झगमगाटी करमणुकीच्या दौऱ्यावर जायला तिनं नकार दिला, तिला स्वतःचं काम करायचं होतं. वाद झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हम्फ्री-वाइडमन यांचा स्वतंत्र कार्यक्रम न्यूयॉर्कला झाला.

त्यांच्याबरोबर पॉलीन लॉरेन्स ही मुलगीही बाहेर पडली. तिच्याबद्दल फार थोडं लिहिलं जातं, म्हणून मी मुद्दाम सांगते. ती पियानो वाजवायची, कपडे शिवायची, प्रकाशयोजना बघायची, दौरे ठरवायची, पैशांचा मेळ घालायची. ही मंडळी वर्षानुवर्षं एकाच घरात राहिली. पुढे त्या घरात मेक्सिकोत जन्मलेला एक चित्रकार मुलगा आला, होझे लिमॉन. त्यानं न्यूयॉर्कला येऊन नाच पाहिला, चित्रकला सोडली आणि यांच्या वर्गात नाव घातलं. डॉरिसबाईंच्या कमरेच्या सांध्यानं १९४०च्या दशकात दगा दिला आणि पन्नाशीच्या आतच त्यांचं नाचणं संपलं. तेव्हा लिमॉननं स्वतःची मंडळी काढली आणि आपल्या बाईंनाच तिची कलादिग्दर्शक केलं. शिष्य निघून गेला म्हणून गुरूचं घर बुडत नाही, उलट म्हातारपणी त्याच शिष्याच्या घरात गुरूला काम मिळालं, हे उदाहरण तुझ्या सरांनाही ऐकव, अगदी आदरानं.

आणि पैशांचं? “कधी पैसे मागितले का?” हो, मागितले. मंदीत रूझवेल्ट सरकारनं बेकारांसाठी कामं काढली, त्यात नाटकवाले होते. नर्तकांना सुरुवातीला त्यात वेगळी जागा नव्हती. हेलन टॅमिरिस नावाची नर्तकी त्यासाठी झगडली, नर्तक संघटित झाले, आणि १९३६ मध्ये ‘फेडरल डान्स प्रोजेक्ट’ सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट. नाचाचा, तालमीसकट, पगार! पुढच्याच वर्षी कपात आली. मे महिन्यात एका रात्री नोरा बेज थिएटरात टॅमिरिस आणि वाइडमन यांच्या नाचांचा प्रयोग होता. तो संपला आणि नर्तक थिएटर सोडेनात, ठिय्या देऊन बसले, आणि प्रेक्षकही त्यांच्याबरोबर रात्रभर बसून राहिले. १९३९ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं सगळी योजनाच बंद केली. पण नर्तकीनं पैसे मागणं हा कलेचा अपमान आहे, असं त्या रात्री त्या थिएटरात कुणाला वाटलं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर जोहरा सेहगल यांचं घे. जर्मनीत ड्रेस्डेनला मेरी विगमन या आधुनिक नर्तकीच्या शाळेत तीन वर्षं शिकून त्या १९३५ मध्ये नर्तक उदय शंकरांच्या मंडळीत आल्या, जगभर फिरल्या, शंकरांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रात शिकवलं, आणि नंतर मुंबईत पृथ्वी थिएटरमध्ये चौदा वर्षं काम केलं. अल्मोड्यालाच शिकलेला एक मुलगा १९४४ मध्ये तुझ्याच पुण्यात आला, प्रभात फिल्म कंपनीत नाच बसवायला. गुरुदत्त त्याचं नाव. अल्मोड्याच्याच शांती बर्धन यांनी मुंबईत १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप काढला, अंधेरीला. क्षयानं खंगलेल्या त्या माणसानं बाहुल्यांच्या हालचालींवर रामायण बसवलं आणि १९५४ मध्ये तो गेला. ट्रूप मात्र गुल बर्धन यांनी पुढे अनेक दशकं चालवला. एका मंडळीत राबून, शिकून, दुसरीकडे जाऊन स्वतःचं काही उभं करायचं, ही या नाचाची रीतच आहे, तिकडेही आणि इकडेही.

आता माझं थोडं. मी मुंबईतल्या एका बॅले ट्रूपमध्ये अकरा वर्षं नाचले. दिवसा टेलिफोन ऑपरेटर होते. कानावरचा हेडफोन काढला की धावत लोकल, वडापाव डब्यात उभ्यानं, आणि साडेसहाला दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये बाकं बाजूला सरकवून तालीम. नाटकवाल्यांसारखी आम्हाला ‘नाइट’ मिळायची. प्रयोग संपला की मेकअप पुसतानाच एक पाकीट हातात यायचं, त्यात वीस रुपये. वीसच. पण पाकिटावर माझं नाव लिहिलेलं असायचं आणि ट्रूपच्या वहीत माझी सही घेतली जायची. त्या वहीत हॉलचं भाडं, ट्रकचं भाडं, तबलजीचे, चहाचे, सगळे आकडे असायचे आणि ती वही कुणीही उघडून बघायची मुभा होती. मी कितीतरी वेळा बघितली. शिल्लक म्हणून काही उरत नाही, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं, म्हणून वीस रुपयांचं कधी वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते गुडघ्याचं. विदर्भाच्या एका दौऱ्यात उघड्या मैदानावर सिमेंटचा चौथरा होता, त्यावर ताडपत्री अंथरलेली. तिसऱ्या प्रयोगात उडी मारून खाली येताना गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला. आमचे प्रमुख वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “एवढे दोन प्रयोग काढ, मग बघू.” मी क्रेप बँडेज बांधून ते दोन काढले, आणि त्यानंतर आणखी चार. आज मला मांडी घालून जेवायला बसता येत नाही. घरच्या पूजेला मी खुर्चीवर असते. म्हणून तुझं पत्र वाचताना सगळ्यांत आधी त्या जिन्याच्या ओळीपाशी थांबले.

तर आता काय करायचं.

पैशांचा विषय एकटीनं काढू नकोस. अकरा जण आहात, आधी आपापसात शांतपणे बोला, आणि मग दोन-तीन जणांनी मिळून सरांकडे जा. मागणी मानधनाची नको, हिशेबाची असू दे. “सर, गेल्या वर्षभरात किती प्रयोग झाले, तिकिटं किती गेली, प्रायोजकांकडून काय आलं, हॉलला आणि लाइटला काय गेलं, ते आम्हाला बघायचं आहे.” यात अपमान काही नाही. वही निघाली आणि खरोखर काही उरत नसेल, तर फुकट नाचायचं की नाही हे तू डोळे उघडे ठेवून ठरवू शकतेस, आणि ठरवलंस तर मी तुला वेडी म्हणणार नाही. उरत असेल तर प्रत्येक प्रयोगाची नाइट ठरवून घ्या, पाचशे का असेना. बाहेरगावच्या गाडीभाड्याबद्दल मात्र घासाघीस नको. ते संस्थेनंच द्यायला हवं, कारण नाचायला पदरचं भाडं भरून जायचं म्हणजे तू कलावंत राहत नाहीस, देणगीदार होतेस. आणि वही निघालीच नाही, उलट हिशेब मागणारी मुलगी पुढच्या प्रयोगातून गळाली, तर तुला हवं ते उत्तर मिळालं असं समज.

तुझ्या तुकड्याचं मात्र एकटीनं बोल. सर चांगले शिकवतात असं तू लिहिलंस, आणि ते मी पूर्ण गांभीर्यानं घेते. चांगला शिक्षक सहज मिळत नाही. म्हणून भांडायला जाऊ नकोस. तालमीनंतर सगळे गेल्यावर सांग: “सर, मला संस्थेतच राहायचं आहे. संस्थेच्या कुठल्याही प्रयोगाच्या तारखेला मी हलणार नाही. तुमची कुठलीही रचना मी माझ्या तुकड्यात वापरणार नाही. पण हा तुकडा मला करायचा आहे, आणि तो तुम्ही एकदा बघावा अशी माझी इच्छा आहे.” यातला दुसरा मुद्दा शंभर टक्के पाळ. दोन वर्षं एकाच माणसाच्या हालचाली अंगात भिनल्या की त्या आपल्याच वाटायला लागतात, आणि रचना करताना नकळत बाहेर येतात. स्वतःचा व्हिडिओ काढून बघ, जिथे सर दिसतील तिथे थांब आणि तेवढा भाग पुन्हा रच. हाच खरा रियाज ठरेल.

एवढ्यावर सर ‘हो’ म्हणाले तर राहा, आणि आनंदानं राहा. ‘नाही’ म्हणाले, तर जे प्रयोग जाहीर झाले आहेत तेवढे पूर्ण कर, आपली जागा दुसऱ्या मुलीला नीट शिकवून दे, सरांच्या पाया पड आणि बाहेर पड. मधेच टाकून जाऊ नकोस, त्यात हाल उरलेल्या दहा जणांचे होतात. महोत्सव कुठल्याही परिस्थितीत सोडू नकोस. फक्त डॉक्टर ‘नाचू नकोस’ म्हणाले, तर आयोजकांना लगेच कळव आणि पुढच्या वर्षी विचार. चोविसाव्या वर्षी एक वर्ष थांबणं परवडतं, निकामी गुडघा परवडत नाही. नोकरी सध्या सोडू नकोस. पण पाच संध्याकाळी आणि अख्खा रविवार, यातून एक दिवस अंगाला विश्रांती मिळायलाच हवी. तो दिवस मागून घे.

आईशी भांडू नकोस. दोन वर्षांत तिनं काय पाहिलं असेल? रात्री अकराला फोनवर दमलेला आवाज, खर्चाची ओढाताण, आणि सुट्टीत घरी आल्यावर कठड्याला धरून जिना उतरणारी मुलगी. नाच तिनं किती वेळा पाहिला? विशारदपर्यंत तिनंच तुला क्लासला सोडलं असणार, म्हणजे नाचाशी तिचं वैर नाही. डॉक्टरांचा कागद तिला दाखव, सरांशी काय बोललीस ते सांग, आणि तुकडा अर्धामुर्धा झाला की तिला पुण्याला बोलावून घरातल्या खोलीत करून दाखव. महोत्सवाच्या आधी तिनं तो पाहिलेला असू दे.

आणि तळव्यांना भेगा पडल्या असतील, तर चिकटपट्टीच्या आधी रात्री झोपताना कोकम तेल लाव. आपल्याकडे पांढरा गोळा मिळतो, तो चमच्यात किंचित गरम करायचा, भेगेत बोटानं दाबून भरायचा आणि वरून सुती मोजे घालायचे. आठ दिवसांत कातडी जुळून येते. आम्ही सगळ्या तेच करायचो, ट्रूपच्या ट्रंकेत घुंगरांच्या पिशवीशेजारी तो डबा कायम असायचा.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. वाट बघते.

तुझी,
ताई